वैनीच्या पोटात काही राहत नव्हतं

सरलावैनी ही माझी मोठी जाऊ. तोंडवलीला आमचं घर आहे आणि त्यातल्या समुद्राकडच्या चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. बुकिंग माझे मोठे दीर, म्हणजे तिचे यजमान बघतात, त्यांना सगळा गाव भाई म्हणतो. खोल्या मी बघते. स्वयंपाकघर वैनीचं. लोक समुद्र बघायला येतात असा भाईंचा समज आहे, पण तीच माणसं दुसऱ्यांदा येतात ती वैनीच्या हातच्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या सुक्यासाठी.

वैनी खादाड नव्हती. हे आधीच सांगते, कारण जाड बाई दिसली की लोकांचा पहिला अंदाज तोच असतो. सगळ्या पाहुण्यांची पानं उठल्यावर दुपारी कधीतरी ती उभ्याउभ्या भात कालवायची. तरी दुसऱ्या बाळंतपणापासून वजन चढत गेलं ते सव्वाशे किलोवर जाऊन पोचलं. मग साखर आली, गुडघे गेले. झोपेत तिचा श्वास मध्येच अडकायचा आणि भाई दचकून उठून तिला हलवायचे. डाएट करून झालं, काढे पिऊन झाले, पहाटे वाळूत चालून झालं. चार किलो जायचे आणि सहा परत यायचे.

एकदा आम्ही दोघी तळाशीलहून सर्जेकोटला होडीतून जात होतो. वैनी कडेला बसली तसा होडीवाला म्हणाला, "वयनी, तुमी मधी बसा. होडी एका अंगाक जाता." तो बिचारा कामाचं बोलला. पण होडीतली कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली. वैनी मध्ये जाऊन बसली. घरी आल्यावर म्हणाली, "प्रियांका, आता पुरे झाला. काय ता एकदाचा करून टाकतंय."

कुडाळला एका हॉलमध्ये वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचं शिबिर होतं. गोव्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलचे सर्जन आले होते. तिथली माणसं त्यांना डॉक्टर निहार म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. माणूस बोलायला गोड. वैनीजवळ खुर्ची ओढून बसले, झोपेचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. जाडीबद्दल एक वाकडा शब्द नाही. कागदावर पोटाची पिशवी काढून दाखवली आणि तिचा मोठा भाग कापून केळ्याएवढी ठेवायची, असं समजावलं. शेवटी म्हणाले, "ऑपरेशन ही फक्त सुरुवात. त्यानंतर आयुष्यभर आमची टीम तुमच्यासोबत आहे." येताना गाडीत वैनी रडली. इतक्या वर्षांत डॉक्टर म्हणून कुणी तिच्याशी असं बोललंच नव्हतं.

गणपती झाल्यावर ऑपरेशन झालं. खोटं कशाला बोलू, ऑपरेशन सुरेख झालं. पोटावर चार-पाच बारीक भोकं, तिसऱ्या दिवशी वैनी कॉरिडॉरमध्ये फिरत होती. साखरेच्या गोळ्या तिथेच बंद झाल्या. भाईंनी अख्ख्या नर्सिंग स्टाफला काजू वाटले.

वैताग सुरू झाला तो घरी आल्यावर.

पहिले काही आठवडे पातळच घ्यायचं होतं. पेज, सार, पाण्यात कालवलेली प्रोटीनची पावडर. त्या पावडरीचा वास आला की वैनी नाकाला पदर लावायची, पण प्यायची. मग मऊ भात, घोटलेली डाळ सुरू केली आणि उलट्या लागल्या. दोन चमचे पोटात जायचे आणि बाहेर यायचे. पुढे पेज टिकेना. पुढे पाणीही टिकेना.

हॉस्पिटलने दिलेल्या नंबरावर फोन लावला. पलीकडून एक मुलगी बोलली. वैनीने ऑफिसात बोलतात तशी शुद्ध मराठी काढली. "मॅडम, पोटात काही राहत नाही हो."

"नॉर्मल आहे ताई. सावकाश घोट घ्या. घाई करता का तुम्ही?"

चार दिवसांनी पुन्हा फोन केला, तर दुसरीच मुलगी. पुन्हा नाव, ऑपरेशनची तारीख, वजन, सगळं पहिल्यापासून. ती म्हणाली, "नॉर्मल आहे. नीट चावून खा." पाणी कसं चावायचं ते तिने सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी एक मुलगा होता. त्याने आहारतज्ज्ञांना जोडून दिलं, आणि त्यांनी वैनीला ब्रोकोलीचं सूप करायला सांगितलं. तोंडवलीत! मी म्हटलं, आमच्याकडे शेगटाचा, म्हणजे शेवग्याचा पाला मिळतो, चालेल का? म्हणाल्या, विचारून सांगते. अजून सांगताहेत.

शिवाय एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात लोक आपल्या जुन्या सैल पँटचे फोटो टाकायचे आणि डॉक्टर निहार सगळ्यांना मिळून एक अंगठा दाखवायचे. वैनीने तिथेही लिहिलं, "तीन आठवडे उलट्या आहेत." खाली बारा जणींनी हात जोडले आणि एकीने लिंबाचं लोणचं चाटायला सांगितलं. डॉक्टरांचा अंगठा त्यालाही आला.

मालवणात डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले, "ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा, मी यात हात घालणार नाही." ताकदीसाठी म्हणून एक ग्लुकोजचं सलाईन मात्र लावलं. मग गाडी करून गोव्याला गेलो. डॉक्टर निहार परदेशात कसल्याशा परिषदेला गेले होते. एका ज्युनियर डॉक्टरने टाके बघितले आणि वैनीला काट्यावर उभं केलं. आकडा बघून त्याचा चेहरा उजळला. "वा! टार्गेटच्याही पुढे गेलात की!"

"अरे बाबा, पुढे नाही गेले, उपाशी आहे मी," वैनी म्हणाली.

त्याने उलटी थांबायची गोळी दिली. ती गोळी पण उलटली.

गावची तऱ्हा आणखी वेगळी. देवळात भेटलेली एक म्हणाली, "गो सरला, कितकी बारीक झालंस! कशा केलंस, माका पण सांग." आणि दुसरी मला बाजूला घेऊन कुजबुजली, "तिका काय मोठा दुखणा नाय मां झाला?" वैनीच्या कानावर ते पडलंच. घरी येऊन तिने चपला भिरकावल्या. "शिरा पडो ह्यांच्या तोंडार! जाडी होतंय तेव्हा हसली. आता बारीक झालंय तर मराक टेकलंय म्हणतत!"

भाईंचं वेगळंच. ते डॉक्टरच्या शब्दावर देवासारखे विसंबलेले. "ते नॉर्मल म्हणतत ना, मगे तू कित्याक इतको विचार करतंस?" वैनी त्यांच्याकडे वळली. म्हणाली, "पाणी पिलंय तरी भायर येता. तुमका असा झाला तर तुमी नॉर्मल म्हणशात?" भाई उठून बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात गेले. त्यांनाही भीती वाटत होती, पण ती दाखवायची कशी ते त्यांना येत नव्हतं.

दिवाळीचे पाहुणे येऊन गेले. वैनी स्टुलावर बसून मला सांगायची आणि मी करायचे. तिचे पाय जड झाले होते, तळव्यांना मुंग्या यायच्या. चालताना ती भिंतीचा आधार घ्यायला लागली. आम्हाला वाटलं, अशक्तपणा. हेल्पलाइनलाही तसंच वाटलं.

डिसेंबरच्या तोंडावर हॉस्पिटलचा फोन आला. आपणहून आलेला तो पहिलाच. मला वाटलं, चौकशी करताहेत. पण नाही. त्यांना वैनीचा व्हिडिओ करायचा होता! तिच्याएवढं वजन इतक्या लवकर कुणाचंच उतरलं नव्हतं म्हणे. मी सरळ नाही म्हणणार होते. वैनीने माझ्या हातातून फोन घेतला. "येवंदेत. कोणी तरी हॉस्पिटलचा माणूस डोळ्यांक दिसांदे."

आकांक्षा नावाची मुलगी आली, पंचविशीतली, खांद्यावर कॅमेरा. तिने खळ्यात तुळशीपाशी वैनीला उभं केलं आणि जुना सैल ब्लाउज अंगाशी धरायला सांगितलं. वैनी डुलत होती. आकांक्षा म्हणाली, "ताई, आपण किचनमध्ये करू. तुम्ही मासे तळताना छान दिसाल."

मी तवा तापवून सुरमईची तुकडी टाकली. वैनीने उलथनं हातात घेतलं आणि तुकडीच्या शेजारी, रिकाम्या तव्यावर घातलं. पुन्हा घातलं, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तिची बोटं तव्याला लागली आणि ती कळवळली. मी तिचा हात पाण्याखाली धरला.

"वैनी, खंय बघतंस?"

"तव्यात दोन तुकडे आसत मां?"

"एकच आसा गो."

"माका काल सांजपासून दोन दोन दिसतत," वैनी म्हणाली. "सांगान काय करू? नॉर्मल म्हणतले."

आकांक्षाने कॅमेरा खाली ठेवला. बाकी काही न विचारता तिने आपला मोबाइल काढला आणि नंबर लावला. दोन रिंग झाल्या आणि डॉक्टर निहार स्क्रीनवर दिसायला लागले. दोन महिने आम्ही ज्या माणसासाठी फोनवर डोकं आपटत होतो, तो त्या व्हिडिओवाल्या मुलीला दोन रिंगमध्ये मिळाला! त्या क्षणी मला आनंद नाही झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

डॉक्टरांनी वैनीला मान न हलवता फक्त डोळ्यांनी आकांक्षाच्या बोटाकडे बघायला सांगितलं. बोट बाजूला गेलं तसे वैनीचे डोळे थरथरायला लागले. उलट्या किती दिवस, पाय कसे आहेत, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "आत्ताच निघा. शरीरातलं बी-वन व्हिटॅमिन संपलंय, मेंदूला धोका आहे. कुडाळला मी डॉक्टरांशी बोलतो, पहिलं इंजेक्शन तिथे घ्या आणि तसेच इकडे या. त्याआधी कुणालाही ग्लुकोज लावू देऊ नका, त्याने उरलंसुरलं बी-वनही संपतं."

भाईंनी गाडी कशी चालवली ते त्यांनाच ठाऊक. आकांक्षा आमच्याबरोबर मागे बसली होती, वैनीचं डोकं मांडीवर घेऊन.

पहिलं इंजेक्शन कुडाळला झालं, पुढची गोव्याच्या हॉस्पिटलात सुरू झाली. पोटाची पिशवी मध्ये एके ठिकाणी अरुंद झाली होती, म्हणून अन्न खाली उतरत नव्हतं. ती जागा दुर्बिणीतून फुगा घालून मोकळी केली. दोन-तीन दिवसांत वैनीला एकाचा एक दिसायला लागला. पेज प्यायली आणि ती पोटात राहिली.

डॉक्टर निहार खाटेपाशी आले. म्हणाले, "सरलाताई, तुम्ही हे आधी का नाही कळवलंत?"

मी उभी राहिले. मला काय काय बोलायचं होतं! वैनीने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"डॉक्टर, मी कळवलं. तुमच्या प्रत्येक माणसाला कळवलं. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी तेच नॉर्मल. तुमच्या ग्रुपवर लिहिलं, तर तुम्ही अंगठा दाखवलात. आयुष्यभर सोबत आहे म्हणालात ना कुडाळला? मग दोन महिन्यांत कुठे गेलात?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "माझं ऑपरेशन चांगलं झालं म्हणून मी निर्धास्त होतो. चूक आमची आहे." त्यांनी स्वतःचा नंबर वैनीच्या मोबाइलमध्ये घातला. ते गेल्या गेल्या तिने तो लावून बघितला. कॉरिडॉरमधून त्यांचा आवाज आला, "बोला, सरलाताई." तिने फोन ठेवला.

वाळूत आधाराशिवाय चालायला तिला शिमगा उजाडला. तळव्यांच्या मुंग्या अजून आहेत, त्या बहुतेक जाणार नाहीत. केस मूठ मूठ गेले होते, ते आता परत येताहेत. साखर नाही, झोपेत श्वास अडकत नाही. परत करशील का ऑपरेशन, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "करीन. पण आधी फोन कोण उचलता, ता विचारीन."

व्हिडिओ अर्थात झाला नाही. आकांक्षाने ती नोकरी सोडली. ती मधे दोन दिवस आमच्याकडे राहून गेली.

हल्ली मात्र नवीन कटकट लागली आहे. कुठल्या कुठल्या बायका वैनीला फोन करतात. ऑपरेशन झालेल्या, करायच्या बेतात असलेल्या. कुणी सावंतवाडीची, कुणी वेंगुर्ल्याची. नंबर कुणी दिला विचारलं तर म्हणतात, हॉस्पिटलने. वैनी चिडली. तिने डॉक्टर निहारांना फोन करून झापलं. ते म्हणाले, "तुमचं बोलणं पेशंटना पटतं हो, ताई." न विचारता नंबर वाटल्याबद्दल माफी मागितली आणि फोन येतच राहिले.

परवा दुपारी घर पाहुण्यांनी भरलेलं, वैनी कढईत ओल्या खोबऱ्याचं वाटप परतत होती. दोडामार्गहून यशोदा म्हणून कुणाचा फोन आला. वैनीने तो कान आणि खांद्याच्या मध्ये धरला.

"अगो, मी काय सर्जन आसंय?... बरा, सांग. उलट्या किती दिवस?... पाणी पण रवना नाय?... मगे माका कित्याक फोन करतंस? त्या हॉस्पिटलच्या नंबराक पण नको करू. गाडी काढ आणि सरळ जा. नाय, उद्या नाय, आता... मी? मी खंय येतलंय, हयसर माझे पाहुणे बसलेसत... बरा, रडा नको. पोचल्यार सांग. आणि डॉक्टर भेटूक नाय तर थयसून माका लाव, मी बोलतंय तेंच्याशी."

तिने फोन ओट्यावर आपटला. वाटप तळाला करपलं होतं. वैनीने डॉक्टरांना, हॉस्पिटलला आणि त्या यशोदाला एका दमात शिव्या दिल्या, कढई माझ्याकडे सरकवली आणि दुसरा नारळ फोडायला घेतला.