आमचा छत्तीसचा आकडा

नळदुर्गला हायवेच्या कडेला आमचं पंक्चरचं दुकान. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ट्रकचं चाक खोलता खोलता ते आम्हा भावंडांना गणितं घालायचे. त्यांची लाडकी संख्या एकच, १२३४५६७९. मधला आठ घ्यायचा नाही, घेतला की सगळी गंमत जाते. तिला नवानं गुणलं की उत्तरात ओळभर एकच एक येतात. कुणाला तीन आवडत असेल तर तीन नवे सत्तावीस. सत्तावीसनं गुणायचं, सगळे तीन.

माझा आवडता आकडा सात. "सात नवे त्रेसष्ट," अण्णा म्हणाले. "गुण त्रेसष्टनं."

त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो, म्हणून मी पाटीवर तीन आधी लिहिला, मग सहा. गुणून झालं तर ओळभर चार. चूक सापडेना. चुकलेलं उत्तर इतकं नीटनेटकं कधी असतं का? अण्णा टायरवर बसून पोट धरून हसले. पुढं आमचं दोघांचं वाजलं की म्हणायचे, "आपला छत्तीसचा आकडा लई जुना हाय." आणि वाजायचं पुष्कळ.

मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. उमरग्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि बोलणं, दोन्ही गेलं होतं. कितपत समजतंय ते आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. धाकटा भाऊ त्यांच्या उशाशी बसूनच दुकान भाड्यानं द्यायचं बोलायला लागला. मलाही ते पटत होतं, पण त्यांच्यादेखत नको म्हटलं.

"त्यांना काय कळतंय, ताई?"

मी पाटी आणली. त्यावर ती संख्या लिहिली आणि पेन्सिल अण्णांच्या डाव्या हातात दिली. "अण्णा, मला सात आवडतो. कितीनं गुणू?"

त्यांनी सावकाश तीन काढला. त्याच्या पुढं सहा.

"उलटं लिहिलं," भाऊ हळूच म्हणाला. "राहू दे आता." क्षणभर मलाही त्याचंच खरं वाटलं.

पण अण्णांनी पेन्सिल सोडली नव्हती. खालच्या ओळीत त्यांनी एक वेडावाकडा चार काढला. त्याच्या शेजारी आणखी एक. मग माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली.

"उलटं न्हाय," मी भावाला म्हणाले. "मला चिडवतायत."

भाऊ उशाकडून उठला, खुर्ची घेऊन त्यांच्या समोर बसला. "अण्णा, दुकान भाड्यानं देऊ का?"

अण्णांनी मान आडवी हलवली.

दुकान द्यावं असं मला आजही वाटतं. दिलेलं नाही.