पाच किलोमीटरच्या आतले पेढे

माझ्या मुलीचं एक कॉलेज मी घालवलं. घरात हे दोघींना माहीत आहे, पण मी आपणहून सांगितलं म्हणून नव्हे.

सिडनीत तेव्हा कोरोनामुळे घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती. मुलगी बारावीत होती, उंची सहा फुटांना एक इंच कमी, आणि तिला पुढे बास्केटबॉल खेळूनच जगायचं होतं. त्यासाठी तिने अमेरिकेतल्या कॉलेजचा रस्ता धरला होता. तिथे शिष्यवृत्तीवर संघात घेतात. रोज मैदानात उतरवलं तर व्यावसायिक क्लबांची नजर पडते. कॉलेज कितीही मोठं असो, बाकावर बसून राहिलं तर कुणी विचारत नाही. हे तिने मला तीनदा समजावलं होतं, आणि मी तीनदा मान डोलावली होती.

दोन कॉलेजं तिच्यात रस घेत होती. एक मोठं, ज्याचं नाव पुण्यातल्या माझ्या मावशीलाही ठाऊक होतं. दुसरं मक्याच्या शेतांमध्ये कुठेतरी. तिथल्या प्रशिक्षक बाईंनी लेखी कळवलं होतं की जागा आहे, पूर्ण शिष्यवृत्ती आहे, पहिल्या वर्षापासून खेळवू.

एरवी हे प्रशिक्षक घरी येऊन भेटतात. साथीमुळे सगळं झूमवर आलं होतं. मोठ्या कॉलेजच्या प्रशिक्षकांचा कॉल शनिवारी सकाळी आठला ठरला. मी शर्टला इस्त्री केली आणि बायकोला पोहे करायला सांगितले.

"अरे, ते लॅपटॉपमध्ये असणार आहेत," ती म्हणाली.

"आपण खाऊ. घर कसं भरल्यासारखं वाटतं."

"मुलगी बघायला येतायत का?"

मी हसलो नाही. मला अगदी तसंच वाटत होतं.

कॉलवर मी मधोमध बसलो. प्रशिक्षकांनी तिच्या डाव्या हाताबद्दल विचारलं. तो अजून कच्चा आहे हे ती सांगणार, एवढ्यात मी म्हणालो की काही अडचण नाही, गणितही उत्तम आहे. मग मोठ्यांचा मान राखते, हेही सांगितलं. बायकोने पोह्यांची बशी कॅमेऱ्यासमोर धरली. समोरच्या माणसाने वाकून ती नीट पाहिली. निरोप घेताना ते म्हणाले, "वी लव्ह हर. वी विल बी इन टच."

आमच्याकडे समोरच्यांनी मुलगी आवडली म्हटलं की ठरलं. आणि ठरल्यावर दुसरं स्थळ लटकत ठेवायचं नसतं, वेळेवर नम्र नकार कळवायचा असतो. बहिणीच्या वेळी वडिलांनी दुसऱ्याच दिवशी तसं पत्र टाकलं होतं. मीही तोच सभ्यपणा केला. मुलीच्या ईमेलचा पासवर्ड मीच ठरवून दिलेला होता. मक्याच्या शेतातल्या बाईंना मी तिच्या नावाने लिहिलं की योग अन्यत्र जुळून आला आहे, आपल्याला अनुरूप खेळाडू लाभो. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, शुभेच्छांचं. ते मी डिलीट केलं. मोठं नाव मला मावशीला सांगायचं होतं, हे त्यामागचं खरं कारण.

वेंटवर्थव्हिल, भारतीय दुकानांचं उपनगर, आमच्या पाच किलोमीटरमध्ये बसत होतं. तिथून पेढे आणले आणि मास्क लावून ओळखीच्यांच्या दारात एकेक पुडा ठेवून, बेल वाजवून मागे पळालो. शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, "काय विशेष, मेट?"

"मुलगी. अमेरिका."

"लग्न ठरलं?"

"जवळजवळ," मी म्हणालो.

गर्दी नको म्हणून कौन्सिलने पार्कातल्या बास्केटबॉलच्या रिंगा काढून नेल्या होत्या. म्हणून मुलीने धुण्याच्या बास्केटचं बूड कापून ती परसातल्या कपडे वाळवायच्या गोल स्टँडला बांधली. वाऱ्याने स्टँड फिरायचा आणि बास्केट माझ्या बनियनांसकट निघून जायची. ती थांबायची, बास्केट फिरून आली की बॉल टाकायची. चुकलेले बॉल मी आणून देत असे.

दीड महिन्याने मोठ्या कॉलेजचा ईमेल आला. साथीमुळे जुन्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळालं होतं, कुणीच संघ सोडत नव्हतं, जागा नव्हती. पेढ्यांचा एक पुडा अजून आमच्या फ्रिजमध्ये होता.

"इट्स ओके," मुलगी म्हणाली. "मी दुसऱ्या कोचला हो कळवते."

मी बॉलमधली हवा तपासत बसलो.

आलेलं उत्तर मी डिलीट केलं होतं, पाठवलेलं पत्र राहून गेलं होतं. ते तिने मोठ्याने वाचलं. "'मे यू फाइंड अ सुटेबल प्लेअर.' बाबा, असं कोण बोलतं?"

"तुझे आजोबा," बायको आतून म्हणाली.

मुलगी माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. तिने त्या बाईंना स्वतः फोन केला. जागा दुसऱ्या मुलीला गेली होती. पण बाईंनी ओळखीतलं एक दोन वर्षांचं कॉलेज सुचवलं. तिथे अशा कॉलेजला ज्युनियर कॉलेज म्हणतात.

"म्हणजे परत अकरावी?" मावशीने फोनवर विचारलं. "नापास झाली का?"

पुढची दोन वर्षं मी एकेका नातेवाइकाला हे समजावत राहिलो. ती शिक्षा मला रास्त वाटली. त्या सामन्यांना क्लबांची माणसं क्वचितच फिरकत. दोन वर्षांनी तिने एका मध्यम कॉलेजात बदली घेतली, आणि ती खेळली मात्र सगळीकडे.

यंदा युरोपातल्या एका छोट्या क्लबचा व्हिडिओ कॉल झाला. मला बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. क्लबचा माणूस शेवटी हसून म्हणाला, "वी लव्ह हर." लगेच माझ्या फोनवर तिचा मेसेज आला: पेढे नाही. सही होईपर्यंत कुणाला काही लिहू नकोस.

सही अकरा दिवसांनी झाली. एका वर्षाचा करार, दुसऱ्या श्रेणीची लीग. जाण्याआधी ती घरी आली होती. परसातली बास्केट अजून तशीच आहे. मी विचारलं, "त्या बाईंकडे चार वर्षं खेळली असतीस, तर?"

तिने थोडा विचार केला. "वरच्या लीगमध्ये असते. प्रॉबब्ली."

बास्केट वाऱ्याने पलीकडे गेली होती. ती परत येईपर्यंत आम्ही दोघे थांबलो.

"बॉल दे," ती म्हणाली.