विहिरीतला पिंपळ

आमच्या धानाच्या बांध्यांना लागून गिट्टीची खदान निघाली, तेव्हा कोर्टात जाऊ म्हणून सगळ्यात आधी मीच उठलो. ड्रिल मशीन दिवसभर खडकाला भोकं पाडायची आणि संध्याकाळी सुरुंग उडायचे. धुऱ्यापलीकडे शेत असलेल्या काकीची विहीर त्यातच फुटली. उभी भेग गेली आणि पाणी झिरपून तळाशी लागलं. काम थांबवायचा मनाई हुकूम मिळाला तरच तिचं उन्हाळी धान हाती लागणार होतं.

एकट्या काकीच्या विहिरीवर केस कच्ची दिसेल, असं माझ्या शहाण्या डोक्यात आलं. भेग माझ्याही विहिरीला होती, पण ती वडिलांच्या काळची. साकोलीच्या कोर्टात मी प्रतिज्ञापत्र दिलं की तीही यंदाच्या सुरुंगांनीच पडली. काकीला विचारलंसुद्धा नाही.

कोर्टाचा कमिशनर पाहणीला येणार म्हटल्यावर आठवलं, माझ्या भेगेत पिंपळ उगवलेला आहे, चांगला मनगटाएवढा; भेग जुनी आहे हे सांगायला तेवढा पुरे. आमच्याकडे पिंपळाला कोणी कुऱ्हाड लावत नाही. मी लावली, आदल्या दिवशी दुपारी, इकडेतिकडे बघत.

कमिशनरने वाकून पाहिलं. खुंटातून पांढरा चीक अजून गळत होता. मला त्याने काहीच विचारलं नाही. काकीकडे वळून म्हणाला, "हे झाड किती वर्षांचं होतं, बाई?"

काकी कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"झाड कायचं, साहेब? मले तं दिसलं नाही कधी. भेग यंदाचीच होय," ती म्हणाली.

अहवालात आलं की दोघांचंही सांगणं विश्वास ठेवण्याजोगं नाही. मनाई हुकूम नाकारला गेला. काकीची भेग खरी होती, तीही माझ्यापायी खोटी ठरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिचं धान उभ्यानं वाळलं. माझ्या विहिरीला मात्र पाणी आहे, आणि काकी प्यायचं पाणी आता तिथूनच नेते. एकदा धीर करून म्हणालो, "काकी, माझं चुकलं."

घागर डोक्यावर घेत ती म्हणाली, "जाऊ दे बापू. तू माह्यासाठीच तं केलं."

तेही खरं नव्हतं. खदान बंद पाडणारा माणूस म्हणून मला गावात मिरवायचं होतं. एवढं सांगायचं सोडून मी तिच्या हातात दुसरी घागर दिली.