काळ्या कोटवाल्याचा शेवटचा भाग

पडेगावात बानाबाईची दहा शेरडं आणि एक बोकड. शेरडांना कुणीही हाकलावं, बोकडाला मात्र बोट लावायची सोय नाही. नवऱ्याचा, म्हणजे मुंजाबाचा, ताप उतरावा म्हणून तिनं तो म्हसोबाच्या नावानं सोडलेला. देवाच्या जनावराला ना दावं, ना दांडकं. तीन वर्षांत तो गल्लीतल्या निम्म्या बाप्यांपेक्षा तगडा झाला, आणि ते त्याला ठाऊकही होतं.

शेजारी शाइस्ता राहते. शिवणकाम करते, एकटी आहे, तोंडाची फटकळ. तिच्या मोठ्या टीव्हीवर दर शुक्रवारी दुपारी दोघी एक परदेशी मालिका हिंदीत बघायच्या. त्यात एक काळा कोटवाला हवेत उडतो, मुठीतून वीज सोडतो, पोरासोरांबरोबर फोटो काढतो आणि कॅमेरा वळला की माणसं मारतो. त्याला पोसणाऱ्या कंपनीतली एक गोरी बाई मागनं रक्त पुसते आणि जगाला सांगते, साहेबांचं काही चुकलेलं नाही.

"असला हलकट काय बघती?" मुंजाबा कुरकुरायचा. "एखादा चांगला बघ की."

"चांगला कशाला बघू? चांगला घरी हाय. चाळीस वर्सं बघतेय."

बानाबाई शुक्रवारी केसांना तेल चोपडून जाते, अशी गल्लीत कुजबुज होती. तेलाचं खरं होतं. बाकीचं गल्लीनं आपल्या पदरचं घातलं. कोटवाल्याला ती शिव्या द्यायची, पण लाडानं. खरा राग गोऱ्या बाईवर. "ह्या सटवीनं पहिल्याच दिशी त्याचा कान पिळला असता तर एवढी मढी पडली असती का?"

तर शेवटच्या भागाला चार दिवस उरले, आणि बोकडानं शाइस्ताच्या पत्र्यावर चढून इंटरनेटची वायर खाल्ली. आधी त्यानं तिचा गुलाब खाल्ला होता, मग भाचीच्या लग्नाची ओढणी, मग ईदच्या शेवया. दर वेळी बानाबाई पदर सावरून म्हणायची, "देवाचा हाय आपा, त्याला बोलायचं नसतं."

या वेळी शाइस्तानं दारात हात आडवा धरला. "वायर जुडी. पर बकरा बांधो, फिर आव. नै तो नक्को आव."

"देवाच्या बोकडाला दावं?"

"मग तुमच्या देवाकडं बघा टीव्ही."

बानाबाई तीन दिवस शाइस्ताच्या दाराकडं फिरकली नाही. शेजारणीशिवाय कोटवाला मेला की जगला हे कळणार कुठून? तिच्या मोबाइलवर फक्त फोन येत. चौथ्या दिवशी शेरडं चारताना तिला ती गोरी बाई आठवली. कपाळाला हात लावून ती बांधावरच बसली. ओढणीच्या वेळी आपण काय बोललो होतो? अगदी तेच. रक्त नव्हतं, एवढंच.

शुक्रवारी जेवणं उरकताच तिनं बोकड लिंबाला बांधला.

मुंजाबा हबकला. "अगं, म्हसोबाला काय सांगशील?"

"सांगीन, तू बी ही मालिका बघ एकदा."

केसांना तेल लावून ती निघाली. शाइस्तानं दार उघडलं, आधी लिंबापाशी जाऊन गाठ दोनदा ओढून बघितली आणि मगच चहा ठेवला.

भाग सुरू झाला. बाहेर बोकड बेंबटत होता, आत कोटवाला शहर जाळत होता. शेवटी गोरी बाई त्याच्यासमोर उभी ठाकली. त्यानं मूठ उगारली. आणि बाहेरचं बेंबटणं एकदम थांबलं.

शाइस्तानं मालिका थांबवली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. तेवढ्यात लिंबाकडनं मुंजाबाची बोंब आली, "माझं धोतर!"

बानाबाई अर्धवट उठली. शाइस्तानं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

"बैठो. वायर मैंने लोहे के पाइप में डलवाई है."

"पण आपा, धोतर..."

"खाने दो. पैले ये मरता क्या, वो देखो."