बर्फातला ड्रोन

वणीत मी लग्नांचे फोटो काढतो. वरात वरून टिपण्यासाठी ड्रोन घ्यायचा होता, म्हणून यवतमाळच्या दुकानात तिसऱ्यांदा गेलो. दुकानदार पुन्हा बर्फाळ डोंगरांचेच व्हिडिओ दाखवू लागला.

मी वैतागून म्हणालो, "भाऊ, आमची लग्नं मे महिन्यात असतात. उन्हात किती वेळ उडते, ते सांगा ना!"

"अर्धा तास. खोक्यावर लिहून हाये."

"मंग गच्चीवर उडवून दाखवा."

भर दुपारी त्याने ड्रोन उडवला. थोड्याच वेळात तो तापला आणि आपोआप खाली उतरला.

"सावलीत उडवत जा," दुकानदार म्हणाला.

"आभाळात सावली कुठून आणू?"

शेवटी त्याने जुन्या बनावटीचा, वजनदार ड्रोन काढला. तो उन्हात टिकला. तोच घेतला.

"हा पहिल्या दिवशीच काहून नाही दाखवला?"

"तुम्ही मांगलाच कुठं?"