झिरोच्या दिव्याची साक्ष

तिन्हीसांजेला देव्हाऱ्यातला झिरोचा दिवा लावला, की काचेच्या इवल्याशा पोटातली केसाएवढी तार केशरी होते आणि देवांच्या टाकांवर मऊ, उबदार उजेड पसरतो. घरातल्या बाकी दिव्यांचा प्रकाश आता पांढराशुभ्र झाला आहे. काटकसरी खरा, पण त्याला ऊब नाही. हा जुन्या वळणाचा दिवा मात्र मी हट्टानं सांभाळला आहे, आणि त्या हट्टाला कारण आहे उचगावची एक म्हैस!

मला विजेच्या वस्तू उघडून बघण्याचा जुना नाद. आमच्या गल्लीत कुणाचा मिक्सर रुसला, कुणाची इस्त्री थंडावली, की पावलं माझ्या दाराकडं वळतात. पण वीज ही चाखून किंवा हुंगून कळणारी गोष्ट का आहे? म्हणून मी घरीच एक सिरीज बोर्ड केला. एक सागवानी फळी, तिच्यावर दिव्याचा होल्डर, एक बटण आणि पुढं निघालेल्या दोन वायरी. वीज आधी दिव्यातून जाते, मगच वस्तूत शिरते. वस्तूत खोट असली तर दिवा तिचा भार स्वतःवर घेतो आणि पेटून सांगतो. भांडणाऱ्या भावंडांच्या मध्ये थोरली बहीण उभी राहते ना, तसा तो उभा असतो. त्या फळीचा मला कोण अभिमान!

आमच्याकडं उचगावच्या अक्कांचं दूध येतं. एका सकाळी अक्का लंगडत आल्या. त्यांची लाडकी म्हैस चंद्री महिनाभरापासून बिथरली होती. वैरणीत तोंड घालायची आणि झटक्यानं मागं सरायची. धारेला बसलं की लाथ. “मारकी झालीया वैनी. येत्या बाजाराला मुरगूडला घालणार तिला,” असं म्हणताना अक्कांचे डोळे भरून आले. रेडकू असल्यापासून हातावर वाढवलेलं जनावर ते. बाजारात ‘मारकी’ हा शिक्का बसला, की त्याला कसायाशिवाय कोण विचारणार?

मी गोठा बघायला गेले. कडबा कापायचं विजेचं कुट्टी यंत्र, त्याच्या तोंडाला टेकवलेली लोखंडी पाटी, आणि यंत्र चालू असतानाच, धारेच्या वेळीसुद्धा, त्या पाटीत तोंड घालणारी चंद्री. पायाखाली ओली जमीन. यंत्राच्या पिनेचा तिसरा, अर्थिंगचा पाय कापलेला. बोर्डाला दोनच भोकं, म्हणून अक्कांच्या मालकांनी तो छाटून टाकलेला. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी करंटचं नाव काढताच अक्का उसळल्या, “मी काय खुळी हाय व्हय? रोज उलट्या हातानं बघतोय की! काय न्हाय त्यात.” आमच्याकडची ही रीतच. यंत्राला हाताची पालथी बाजू लावायची, झिणझिणलं नाही की यंत्र चांगलं!

पिन काढून यंत्र घरी आणवलं, कोरड्या फळीवर ठेवलं, सगळ्यांना लांब उभं केलं. सिरीज बोर्डाची एक वायर पिनेला, दुसरी यंत्राच्या लोखंडी अंगाला जोडली आणि बटण दाबलं. माझा शंभर वॅटचा दिवा ढिम्म! अक्का निःश्वास टाकून म्हणाल्या, “बघा. म्हशीतच खोड हाय.”

पण माझं मन मानेना. मोठ्या दिव्याला पेटायला वीजही मोठी लागते. झिरपणाऱ्या चिमूटभर विजेची त्याला खबर कशी लागणार? मोठ्या कानांना बारीक रडणं ऐकू येत नाही, हे काय घरातल्या बाईला सांगायला हवं! बटण बंद केलं, बोर्डाची पिन उपसली, उठले आणि देव्हाऱ्यातला झिरोचा दिवा काढून होल्डरला लावला, पिन परत खोचली. बटण दाबलं. काचेच्या आत, राखेखालच्या निखाऱ्यासारखी, एक लालसर रेघ उमटली.

अक्का त्या रेघेकडं बघत राहिल्या. मग त्यांची नजर स्वतःच्या पायांकडं गेली. “माझ्या पायात रबराची चप्पल असती वैनी,” त्या हळूच म्हणाल्या, “तिच्या पायात कुठली?”

मोटार उघडली तर आत ओला भुसा आणि काजळी साचलेली. ती साफ केली, उन्हात खडखडीत वाळवली, तीन पायांची पिन बसवली, गोठ्यात वायरमनकडून अर्थिंग घालून घेतलं. पुन्हा झिरोचा दिवा जोडला. तो काळाच राहिला. दिवा न पेटल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता!

यंत्र गोठ्यात सुरू झालं, त्या संध्याकाळी मी तिथं होते. चंद्रीनं पाटी लांबून हुंगली, एक पाऊल मागं घेतलं, मग तोंड घातलं आणि खाऊ लागली. अक्कांनी गोठ्याच्या दाराशी चप्पल काढली, देवळात जाताना काढतात तशी, आणि अनवाणी जाऊन तिच्या मानेला मिठी मारली. “का गं बोलत न्हवतीस?” त्या रडत विचारत होत्या. ती बिचारी रोज बोलत होती. आपण त्याला लाथ म्हणत होतो.

दिवा मी परत देव्हाऱ्यात लावला आहे. अक्का आता दूध घालायला येतात तेव्हा आधी चप्पल काढतात आणि देवांच्या बरोबरीनं त्यालाही हात जोडतात.