घाटनांदूरचा नाताळ: पुऱ्यांचं तेल आणि चाळीस मेंढरं

मार्थाचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. मार्था म्हणजे माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. लग्नानंतर ती बीड जिल्ह्यात घाटनांदूरजवळच्या एका वस्तीवर गेली आणि तिथलीच झाली. तिचा नवरा दानिएल जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांचा मदतनीस होता, आता निवृत्त. त्यांच्या वस्तीवर आठ-नऊ ख्रिस्ती घरं आणि पत्र्याचं एक प्रार्थनाघर आहे.

"वीणे, यंदा नाताळला पाळकसाहेब दुसऱ्या गावच्या उपासनेला जाणार आहेत. आमच्याकडं संदेश तू देशील का?"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मी हो म्हणाले! पुण्यात आमच्या चर्चमध्ये मी पंचवीस वर्षं गाते. नाताळच्या नाटकात मुलांना मेंढपाळ करते, त्यांना कापसाच्या दाढ्या चिकटवते. पण पाद्र्यांच्या जागी, वेदीसमोर उभं राहून बोलायला मला कधी कुणी बोलावलं नव्हतं. विषय मीच निवडला, नम्रता आणि सेवा. तीन आठवडे खपून अकरा पानं लिहिली. आरशासमोर वाचून पाहिली. एके ठिकाणी मला माझंच रडू आलं, इतकं ते छान जमलं होतं.

नाताळच्या तीन दिवस आधी सकाळच्या एसटीनं निघाले. पुण्याहून बीडला सहज सात तास लागतात, त्यामुळे पाठीला उशी आणि सोबत पाणी हवंच. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून खिडकीची जागा मिळवायला बायकांचीच झुंबड असते. नगर मागे पडलं की रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर लागतात. त्यांच्या मागे गाडी रेंगाळते आणि आपण निवांत रान बघत बसतो. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, ज्वारी कंबरेच्या वर गेली होती, आणि मी मनातल्या मनात पान तीन पाठ करत होते.

बीडला स्टँडजवळच्या लॉजमध्ये मुक्काम केला. खोली साधी पण स्वच्छ होती, गरम पाणी सकाळी आठपर्यंत. रिक्षावाल्यानं विचारलं, "कावून आलात मॅडम? कोर्टाचं काम हाय का?"

"नाही हो, नाताळला घाटनांदूरला चाललेय."

त्यानं मागे वळूनच पाहिलं. "लोक गोव्याला जातेत नाताळाला!"

दुसऱ्या दिवशी मांजरसुंबा, केजवरून अंबाजोगाई गाठली. मार्थानं सांगितलेलं सामान तिथंच घेतलं: मैदा, सुकं खोबरं, रंगीत कागद आणि गोड्या तेलाचा पाच लिटरचा कॅन. नाताळच्या पुऱ्या आणि करंज्या माझ्यातर्फे असं मी आधीच जाहीर करून टाकलं होतं. तिथून घाटनांदूर जीपनं पाऊण तास. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली म्हणजे काय, हे ड्रायव्हर ठरवतो. कॅन मांडीवर घेऊन मी फाट्यावर उतरले. मार्था आणि दाजी मोटारसायकल घेऊन उभेच होते. (मैत्रिणीच्या नवऱ्याला मी पहिल्यापासून दाजीच म्हणते.)

"सलाम ताई! प्रवास बरा झाला नव्हं?"

रात्री ज्वारीची भाकरी, येसर आमटी, वर कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेलं पीठ. उकळत्या पाण्यात ते पडलं की जो वास सुटतो, त्यासाठी तरी मराठवाड्यात एकदा याच. तीन भाकरी खाल्ल्या, मोजल्या मार्थानं.

आता नाताळच्या आदल्या दिवसाबद्दल.

सकाळचे साडेनऊ-दहा झाले असतील. दाजी शिडीवर चढून प्रार्थनाघरावर कागदाची चांदणी बांधत होते. अंगणात मार्था करंज्यांचं पीठ मळत होती आणि मी तिला पान पाच वाचून दाखवत होते. त्यावर सेवा कशी आनंदानं करावी, हे होतं. कढई चुलीवर ठेवली होती, अजून तेल ओतलेलं नव्हतं.

तेवढ्यात एक बाई धावत आली. हिरवं लुगडं, हातात काठी, तोंडाला कोरड. ही कौसाबाई. ती आणि तिचा नवरा मारुती नव्वदेक मेंढरं घेऊन चार दिवसांपासून ओढ्यापलीकडे उतरले होते.

"डाक्टरसायब हायत का? लवकर चला! मेंढरं लसूणघासात घुसली व्हती, पोटं टम्म फुगल्यात. पडायलीत हो!"

ओला, दवात भिजलेला लसूणघास मेंढराच्या पोटात गेला की गॅस धरतो, आणि तासा-दोन तासांत जनावर जातं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त एवढं दिसलं, की दाजी शिडीच्या अर्ध्यावरून खाली उडी मारून घरात पळाले. बाहेर आले ते औषधाच्या दोन बाटल्या आणि एक जाड पोकळ सुई घेऊन.

"कुणाच्या रानात शिरली?" त्यांनी चालता चालता विचारलं.

कौसाबाईनं काठी या हातातून त्या हातात घेतली. मग खाली बघत म्हणाली, "तुमच्याच, सायब."

दाजींच्या दोन म्हशींचा सगळा चारा त्या तुकड्यात होता. "घास पुन्हा फुटंल," ते म्हणाले. "किती फुगल्यात?"

"चाळीसेक."

"मग दोन बाटल्यांत काय होतंय! मार्था, गोडं तेल आण. हाय तेवढं."

मार्था कॅनकडे वळली, आणि मी बोलले. हे लिहिताना आजही कान तापतात. मी म्हणाले, "अगं, ते उद्याच्या पुऱ्यांचं आहे. दुकानातून दुसरं नाही का आणता येणार त्यांना?"

दुकान चार किलोमीटरवर होतं. मार्था रागावली नाही. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं, कॅन उचलला आणि चालायला लागली. माझ्या हातात पान पाच तसंच होतं. तेलाचं मला खरंच काही नव्हतं हो, तेल काय, कुठंही मिळतं. मी मनात एक दिवस मांडून ठेवला होता. पुऱ्या, कॅरल, माझा संदेश. तो दिवस कुणीतरी विस्कटत होतं आणि मला ते नको होतं.

कागद पिठाच्या डब्याखाली खुपसून मी त्यांच्यामागे धावले.

ओढ्याच्या बांधावर मेंढरं पसरली होती. डावी कूस ढोलासारखी वर आलेली, तोंडं उघडी. मारुती एकेकाला ओढून बांधावर पुढचे पाय उंच राहतील असं उभं करत होता. दाजींनी फोन लावला, तर जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या गावी होते, यायला दोन तास. मग आमचं सुरू झालं. अर्धी वाटी तेल काचेच्या बाटलीत घ्यायचं, मेंढराच्या तोंडाच्या कडेनं हळूहळू सोडायचं आणि कूस चोळत राहायचं. वस्तीवरच्या सगळ्या बाया धावून आल्या.

मला एक काळी मेंढी मिळाली. मी तिचं तोंड धरून वर केलं.

"अवो बाई, मान वर नगा करू!" कौसाबाई ओरडली. "ठसका लागंल, तेल छातीत जाईल. मान सरळ धरा. आसं. आन् आता चोळा. जोरात! तिला काय गुदगुल्या करायल्या का?"

मी चोळलं. दंड भरून आले, साडीला लेंड्या आणि तेल, गुडघ्याखाली ओली माती. पाच मिनिटं, सात मिनिटं. मेंढीचे डोळे जडावत चालले होते आणि मला काही सुचेना. शेजारी दाजी एका आडव्या पडलेल्या मेंढीच्या कुशीत सुई खुपसत होते. ते हलक्या आवाजात, शेजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "प्रभू, हे तुझंच जनावर हाय. माझा हात सरळ ठेव." सुईतून फुस्स करून हवा सुटली आणि मेंढीनं पाय झाडले.

प्रार्थनेवर माझं अख्खं पान सात होतं. पण त्या बांधावर येऊन इतका वेळ झाला तरी मला प्रार्थना आठवली नव्हती! मग मीही म्हणाले. शब्द काय होते ते आठवत नाही, तीनच असतील.

आणि माझ्या काळीनं ढेकर दिला!

काय ढेकर होता तो! लांबलचक, घासाच्या वासाचा, थेट माझ्या तोंडावर. मी किंचाळले, "दिला! हिनं दिला!" कौसाबाई मोठ्यानं हसली, अख्ख्या सकाळीत पहिल्यांदाच. मग ढेकरांची रांगच लागली. एकेक ढेकर आला की बाया ओरडायच्या. आयुष्यात इतकी कॅरल गायले, पण असा आनंदाचा आवाज मी कधी काढला नसेल.

साडेबाराच्या सुमाराला डॉक्टर आले तेव्हा कॅन रिकामा झाला होता. तीन मेंढरं गेली. मारुती त्यांच्याजवळ गुडघ्यांत मान घालून बसला होता. दाजी त्याच्या शेजारी मातीतच बसले. मारुती म्हणाला, "तुमचंच रान खाल्लं आन् तुमच्याच दारात आलो. तुमी इचारलं बी न्हाई."

"इचारायला सवड कुठं व्हती?" दाजी म्हणाले.

संध्याकाळी कॅरलचा सराव झाला नाही. करंज्यांचं पीठ वाळून कडक झालं होतं. उद्या भाकरी आणि येसर आमटी, असं मार्थानं जाहीर केलं आणि सगळ्या जणी "बरंय की" म्हणत घरी गेल्या.

नाताळच्या सकाळी प्रार्थनाघर गच्च भरलं. साबणानं दोनदा धुतले तरी माझ्या हातांना मेंढरांचा वास येत होता. दाजींनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले, पानं उघडली, घसा साफ केला आणि सुरुवात केली. खरंच चांगलं चाललं होतं. दुसऱ्या पानाच्या शेवटी मान वर केली, तर दाराबाहेर कौसाबाई आणि मारुती उभे. चपला हातात, मारुतीच्या दुसऱ्या हातात दुधाची किटली.

कौसाबाईनं दारातूनच विचारलं, "आमी मधी आलो तर चालंल का? आमचा देव न्यारा हाय, पर बसावं वाटलं."

मी खाली उतरले, त्यांना आत घेतलं आणि पुढच्या सतरंजीवर बसवलं. परत उभी राहिले तेव्हा समोर कौसाबाईचा चेहरा होता. नम्रतेवरचं पान तीन तिच्यासमोर मला वाचता येईना. मी पानं मिटली. शेवटी म्हणाले, "मला एक सांगायचंय. काल तुम्ही आलात तेव्हा मी मार्थाला म्हणाले, की तेल देऊ नको, पुऱ्यांना लागेल. तुमची मेंढरं मरत होती आणि मला पुऱ्या दिसत होत्या. मला माफ करा."

मार्था खाली बघत होती.

कौसाबाईनं पदर सावरला. "मंग मी बी सांगते," ती म्हणाली. "रान कुणाचं ते सांगायचंच न्हाई, आसं मी वाटंत ठरवलं व्हतं. सायबांनी तोंडावर इचारलं म्हून फसले."

आधी दाजी हसले, मग मारुती, मग सगळं प्रार्थनाघर. मीही हसत होते आणि रडत होते. त्यानंतर रानातल्या मेंढपाळांना देवदूतानं येशूच्या जन्माची बातमी दिली, तो शुभवर्तमानातला भाग मार्थानं वाचला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ते मेंढपाळ कापसाच्या दाढीशिवाय दिसले. रात्रभर रानात जागणारी, अंगाला वास येणारी, जरा घाबरलेली माणसं. ती बातमी आधी त्यांनाच का सांगितली गेली, हे मला समजलं असं म्हणत नाही. पण आता त्याचं नवल वाटत नाही.

जेवणाच्या पंगतीत मी वाढत होते, तर कौसाबाईनं हातातून आमटीची बादली काढून घेतली. "तुमी बसा. काल लई केलं तुमी." मी नको नको म्हणत राहिले, पण तिनं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी धर्मापुरीला गेलो. घाटनांदूरला आलात तर हे चुकवू नका. काळ्या दगडाचं जुनं मंदिर आहे. बाहेरच्या भिंतीवर बायकांच्या मूर्ती इतक्या जिवंत, की एकीच्या पायाची वळलेली बोटं बघत मी पाच मिनिटं उभी होते. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असतं. जवळ खायला फारसं मिळालं नाही, आम्ही भाकरी बांधून नेली होती. राहायला अंबाजोगाईत लॉज आहेत, तिथून एका दिवसात सगळं जमतं.

परत पुण्यात आले. खांदा बरेच दिवस दुखत होता. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी चर्चमधल्या बायकांनी विचारलं, "संदेश कसा झाला?" मी म्हणाले, "झालाच नाही!" आणि ढेकरांचं सांगायला सुरुवात केली.

मग मार्थाचा फोन आला. मारुतीनं पुढं निघायच्या आधी दोन रात्री दाजींच्या रानात मेंढरं बसवली होती. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, एरवी शेतकरी त्यासाठी धान्य मोजतात. मारुती काही घेईना. दाजी दोन दिवस त्याच्याशी भांडले आणि शेवटी गप्प बसले.

मी तिला फोन दाजींकडे द्यायला सांगितला. "हरलात म्हणायचं!"

"हरलो ताई," ते म्हणाले. "दुसऱ्याला द्यायला मला कधीच जड गेलं न्हाई. पर त्याच्याकडून घेताना लई जड गेलं बघा. माझ्यात इतका ताठा हाय, हे मला म्हाईतच नव्हतं."

संध्याकाळी समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू दारात आल्या. खांद्याला हात लावून बसलेली मला पाहून म्हणाल्या, "मंडईत चाललेय. तुझी भाजी आणू का?" वीस वर्षांत त्यांनी हे कितीदा विचारलं असेल आणि मी प्रत्येक वेळी म्हटलंय, नको, मीच जाते, तुमचंच काय ते सांगा.

मी उठले आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

"मेथी आणा," मी म्हणाले. "आणि जमलं तर निवडूनही द्या."